सहा सेकंदांची साक्ष

दिल्लीच्या मंडी हाउसच्या चौकातून निघणारा कोपर्निकस मार्ग हा नाटकवाले आणि पक्षकार यांच्या सामाईक वहिवाटीचा रस्ता आहे. कमानी सभागृहातून बाहेर पडलेले नट आणि फरीदकोट हाउसमधील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणातून पुढची तारीख घेऊन परतणारे अर्जदार एकाच टपरीवर चहा घेतात. आणि दिल्लीत धूम्रपानबंदीचा कायदा १९९६ सालापासून असूनही चहामागोमाग काडी ओढली जातेच. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने त्या धुरात अधूनमधून मराठीही कानी पडते.

याच मार्गावरील एका कचेरीत कर्मचाऱ्यांच्या आरोग्यतपासणीचे शिबिर भरले होते, तेव्हा श्वसनमापनाच्या मेजाशेजारी मला बसावयास मिळाले. यंत्र तळहातावर मावेल एवढे; त्याच्या पुठ्ठ्याच्या नळीत फुंकलेली हवा आतले पाते फिरवते आणि त्या फिरण्यावरून पडद्यावर वक्ररेषा उमटते. परंतु यंत्राला जे साधत नाही ते तंत्रज्ञ बाईंना करावे लागते, आणि ते म्हणजे समोरच्या माणसाकडून त्याचा संपूर्ण श्वास वसूल करणे.

निवृत्तीला आलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले एक वाहनचालक खुर्चीवर ताठ बसले होते. नाकाला चिमटा लावून बाई म्हणाल्या, "काका, छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट मिटा, आणि आता सोडा! सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!" हा उच्छ्वास निदान सहा सेकंद तरी चालावा लागतो, असे तीन निर्दोष प्रयत्न हवेत आणि त्यांतील सर्वोत्तम दोहोंत दीडशे मिलिलिटरांहून अधिक तफावत नसावी, असा त्या मेजावरचा शिरस्ता होता. काकांचा पहिला प्रयत्न खोकल्यात गेला आणि दुसरा मध्येच सुटला. "राहू द्या ताई, काय उपयोग?" ते म्हणाले. बाईंनी त्याला आळस न मानता, "प्रयत्न अपुरा, उत्साह नाही" असा शेरा नोंदवून पुन्हा नळी पुढे केली.

फुप्फुसाची ही परीक्षा मनाच्या सहकार्यावाचून होतच नाही, हे त्या शेऱ्यात आले होते. तीन रेषा जुळल्यावर साल्ब्युटामोलचा फवारा देऊन पंधरा मिनिटे थांबावयाचे असते. पहिल्या सेकंदात सुटणाऱ्या हवेचे एकूण उच्छ्वासाशी प्रमाण त्यानंतरही ०.७० हून कमी राहिले, तर श्वासमार्गांतील कायमच्या अवरोधाचा, म्हणजे दीर्घकालीन श्वासरोगाचा, संशय बळावतो. बाई त्या मुदतीत विषण्णतेची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत. "गेल्या पंधरवड्यात कशात गोडी वाटली नाही, असं किती दिवस झालं?" "गोडी कसली, ताई? ड्यूटी संपली की खोलीवर जायचं न् बिडी ओढायची."

बिडी, श्वासरोग आणि उदासी यांच्या या सोबतीचा एक धागा जनुकांत सापडतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोहोंच्या मुळाशी एकच आनुवंशिक प्रवृत्ती असू शकेल, असा पक्ष संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५८ साली मांडला होता, आणि धुराला निर्दोष ठरवू पाहणारा तो पक्ष टिकला नाही. मात्र २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावरील निकोटिनग्राहकांच्या जनुकसमूहाचा संबंध निकोटिनच्या व्यसनाशी व फुप्फुसाच्या कर्करोगाशी दिसून आला, आणि पुढच्याच वर्षी दीर्घकालीन श्वासरोगाच्या शोधातही तीच जागा पुढे आली. तेथील एका बदलामुळे निकोटिनच्या अतिरेकाने येणारी शिसारी मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात; तो बदल असलेला माणूस अधिक ओढतो, आणि फुप्फुसाची हानी बहुतांशी त्या धुराच्याच वाटेने होते. विषण्णतेचे मात्र एकच जनुक नाही. २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी निगडित १०२ जागा सापडल्या, धूम्रपानाशी तिचा आनुवंशिक संबंधही आढळला, आणि जनुकांचाच पुरावा वापरणाऱ्या अन्य संशोधनातून धूम्रपानाने विषण्णता वाढते व विषण्णतेने धूम्रपान, असे दुतर्फी नाते सूचित झाले.

या पुराव्यातील साक्षीदार प्रामुख्याने युरोपीय वंशाचे आहेत, म्हणून आपल्याकडे त्यावरून निकाल देताना सबुरी हवी. शिवाय पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, आयुष्यात बिडी न ओढलेल्यांनाही हा श्वासरोग जडतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा असतो. म्हणूनच बाईंच्या तक्त्यात रोजच्या बिड्यांखाली घरच्या चुलीचाही रकाना होता.

काकांचे प्रमाण ०.७० च्या खाली भरले आणि प्रश्नावलीची बेरीजही काळजी वाटावी इतकी झाली. डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर छातीच्या व मनोविकारांच्या दोन्ही विभागांची नावे लिहिली आणि तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही दिला. त्यावरील फोन दिल्लीच्याच वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत घेतले जातात. "बिडी सोडली तर मन कशावर लावू?" या काकांच्या प्रश्नाला डॉक्टरांनी बगल दिली नाही. बिडीने मिळणारा दिलासा बव्हंशी मागच्या बिडीने निर्माण केलेल्या तलफेचाच असतो. सुरुवातीचे काही आठवडे चिडचिडीचे जातात, पण सोडणाऱ्यांची उदासी पुढे कमी होत असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे, असे त्यांनी समजावले. फुप्फुसाची गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही. तिची घसरण मात्र मंदावते. वारशाने आलेले गुणसूत्र कोणाला बदलता येत नाही, परंतु त्याला धूर पुरवायचा की नाही, हे अजून काकांच्या हाती होते; आणि तेवढे बळ मनाला यावे म्हणून चिठ्ठीवरचे दुसरे नाव पहिल्याइतकेच आवश्यक होते.