वातानुकूलन यंत्रावर बर्फ का साठतो?

काचीगुड्याचे रेल्वेस्थानक १९१६ साली उभे राहिले. त्या काळच्या बांधणाऱ्यांनी हैदराबादच्या उन्हाळ्याशी जाड भिंती व उंच छत यांच्या बळावर सामना केला. आपली आजची दुकाने ठेंगण्या छताची आणि काचेच्या दारांची. त्यांना वातानुकूलन यंत्रावाचून गत्यंतर उरलेले नाही. यंत्र आले की त्याची दुखणीही आलीच. त्यांपैकी एक दुखणे असे चमत्कारिक आहे की, ते पाहून पुष्कळांना प्रथम आनंदच होतो.

आमच्या कापडाच्या दुकानात एका आषाढात तसे घडले. यंत्राच्या जाळीआड पांढरा बर्फ दिसू लागला. “यंत्र जोरदार आहे, बर्फ पाडते,” असे एक गिऱ्हाईक म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. दुपारपर्यंत वारा येईनासा झाला. उकडते म्हणून आम्ही तापमान १६ अंशांवर आणले. रात्री यंत्र बंद केल्यावर बर्फ वितळला आणि त्याचे पाणी खालच्या मांडणीवरील रेशमी साड्यांवर पहाटेपर्यंत ठिबकत राहिले. कारागीर आला, गॅस कमी आहे असे सांगून गॅस भरून गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार! दुसऱ्या कारागिराने झाकण उघडून फिल्टर बाहेर काढला, तेव्हा त्यावर कापडाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला होता. गॅस मुळी कमी नव्हताच. उलट जादा भरलेला काढून टाकावा लागला.

बर्फ दिसला म्हणजे यंत्र जोमात आहे, असे समजू नये. यंत्रातील नळ्यांना पुरेशी उष्णता मिळत नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. हे विधान विपरीत वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आतील भागात नळ्यांचे एक जाळे असते, त्यास कारागीर कॉइल म्हणतात. त्या नळ्यांत द्रवरूप गॅस उकळत असतो आणि उकळण्यास लागणारी उष्णता खोलीतील हवेतून घेतो. निरोगी यंत्रात हे जाळे साधारणतः ५ ते १० अंशांवर राहते. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम फुटावा, तसे हवेतील बाष्प त्यावर दवरूपाने जमते व नळीवाटे बाहेर जाते. हवा कोरडी करणे हे या यंत्राचे मूळचेच काम होय. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी अशी योजना आखली, ती दमट हवेने कागद फुगून रंग जागचे सरकत होते म्हणून.

आता फिल्टर तुंबला, पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली किंवा मालाची चळत यंत्रासमोर रचली, की जाळ्यावरून जाणारी हवा घटते. उष्णता मिळेनाशी झाल्यामुळे जाळे शून्य अंशाखाली उतरते आणि दव तेथेच गोठते. ॲल्युमिनियमच्या मानाने बर्फ उष्णता जवळजवळ शंभरपट कमी वाहून नेतो; शिवाय तो पाकळ्यांमधील फटी बुजवितो. म्हणून हवा आणखी घटते, बर्फ आणखी वाढतो. चक्रवाढ व्याज कसे चढते, हे आपल्या व्यापारी बंधूंना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

गॅस खरोखरच गळून कमी झाला असला तरीही बर्फ धरतो, परंतु निराळ्या कारणाने. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी अधिक तापमानास उकळते, हे गृहिणींना ठाऊक आहे. येथे त्याच्या उलट घडते: दाब उतरतो, गॅस अधिक खालच्या तापमानास उकळू लागतो आणि जाळ्याचा प्रवेशाकडील भाग गोठतो. तापमानदर्शक बिघडल्यास, अथवा पावसाळी गार रात्री यंत्र १६ अंशांवर सोडून दिल्यासही हा प्रकार संभवतो.

साड्या वाळविता येतात. काँप्रेसरचे तसे नाही. न उकळलेला द्रव परत त्याच्यात शिरला तर तो निकामी होऊ शकतो, आणि यंत्रातील सर्वांत महाग भाग तोच.

जाता जाता एक गंमत. यंत्राचा ‘टन’ हे त्याचे वजन नव्हे. २४ तासांत सुमारे ९०७ किलो बर्फ वितळविण्यास लागेल तेवढी उष्णता वाहून नेण्याची ती शक्ती. बर्फानेच मोजलेले यंत्र बोटभर बर्फाने बंद पडते!

बर्फ दिसताच थंडावा बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा, खालचा माल हलवावा व काही तास वाट पाहावी. सुरीने किंवा पेचकसाने बर्फ खरवडू नये. नळीस भोक पडले की पुढचा खर्च मोठा. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवावा, कापडाच्या व भुसाराच्या दुकानात आठवड्यानेही. आतील जाळे व पंखा उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर स्वच्छ करून घ्यावा. तापमान २४ अंशांच्या आसपास पुरे. २०२० च्या जानेवारीपासून भारतात खोलीची यंत्रे २४ अंशांवरच लावून देण्याचा नियम झाला, तो वीज वाचविण्यासाठी असला तरी येथेही उपयोगी पडतो.

गॅसविषयी मात्र खबरदारी हवी. तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. प्रथम गळती शोधावी, ती बुजवावी, नळ्या निर्वात कराव्यात आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरावा. आर-३२ हा आजचा प्रचलित गॅस काही अंशी ज्वलनशील असल्याने त्या वेळी जवळ आगकाडी ओढू नये. गुंजभर सोने तोलून घेणारे आपण, गॅस मात्र कारागिराच्या अंदाजाने घेतो. आमच्या दुकानात आता यंत्राचे एक पान वहीत उघडले आहे: फिल्टर केव्हा धुतला, गॅस किती ग्रॅम भरला, कोणी भरला. त्या पानावर एका वर्षात गॅसची दुसरी नोंद करण्याची वेळ आली, तर आम्ही पैसे देण्यापूर्वी गळती दाखवावयास सांगतो.