दोइना: ताल नसलेलं गाणं अख्खा वाद्यवृंद वाजवतो कसा?

आज हेडफोन लावाच, आपण रोमानियाला चाललोय. यूट्यूबवर तिथलं लोकगीत शोधलंत की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: भरतकाम केलेल्या पांढऱ्या ब्लाउजमधली गायिका, मागे मोठा वाद्यवृंद आणि समोर कंडक्टर. वाटतं, हे शेकडो वर्षांचं असणार. गाणं जुनं आहेच. हा थाट मात्र बराच नवा.

आधी गाणं. 'दोइना' म्हणजे साधारण आपल्या आलापासारखं, पण शब्दांसकट. ठरलेला ताल नाही. विरह, प्रेम, घरची ओढ... मनाला येईल तिथे सूर लांबवायचा. मुळात हे एकट्यानं गायचं गाणं. 2009 मध्ये युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता वादक. लग्नकार्यात वाजवणारे पिढीजात वादक म्हणजे 'लाउतारी', त्यातले बरेचसे रोमा समाजाचे. हा समाज तिथे 1855-56 पर्यंत गुलामगिरीत होता, बरं का! त्यांचा छोटा ताफा म्हणजे 'ताराफ'. व्हायोलिन आणि 'त्संबाल', म्हणजे काठ्यांनी वाजवायचं, आपल्या संतूरच्या जातीचं वाद्य. नोटेशन नाही, सगळं कानावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट सरकार आलं आणि ताराफचा वाद्यवृंद झाला. बुखारेस्टमध्ये 1949 साली 'बार्बू लाउतारू' वाद्यवृंद सुरू झाला. नाव एका नामवंत रोमा वादकाचं. पण पुढे चाउशेस्कूच्या काळात रोमा भाषेतल्या गाण्यांना सरकारी रेडिओ-टीव्हीवर जवळजवळ जागाच नव्हती. कला हवी, ओळख नको!

मग बिनतालाचं गाणं इतके जण वाजवतात कसे? सोपं आहे: ते थांबतात. व्हायोलिनं एक सूर धरून ठेवतात, त्संबाल खाली हलकेच थरथरतं, गायिका हवं तेवढं फिरते. ती सुरावर उतरली की सगळे पुढच्या सुरावर. मग अनेकदा एकदम नाचाचा ताल सुरू!

यात गोडवा आहे, पण किंमतही आहे. नोटेशन लिहिलं की दर वेळी गाणं तसंच येऊ लागतं. ताराफमध्ये मात्र गायिका वळली की वादक तिथल्या तिथे वळतो.

पटत नाही? आधी मारिया तनासे (1913-1963) ऐका, मग क्लेझान गावच्या रोमा वादकांचा 'ताराफ द हायदुक', मग एखादा मोठा वाद्यवृंद. तिन्ही वेळा एवढंच बघा: कोण कोणासाठी थांबतंय?