तेरा गोल आणि एक संघटना

१९५८ च्या जून महिन्यात स्वीडनमध्ये ज्यूस्त फोंतेन या फ्रेंच आघाडीपटूनं विश्वचषकाच्या सहा सामन्यांत तेरा गोल केले. १ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, तुलूझमध्ये त्याचं निधन झालं, तोवर एका स्पर्धेतल्या या आकड्याजवळ कुणी फिरकलंही नव्हतं. त्याच्या आधी हंगेरीच्या कोचिसनं अकरा गोल केले होते, तर नंतर जर्मनीच्या गेर्ड म्युलरनं दहा. मिरोस्लाव्ह क्लोजेच्या नावावर सोळा गोल असले, तरी ते चार विश्वचषकांचे मिळून. फोंतेनची ओळख या विक्रमापाशी येऊन थांबते आणि त्यानं केलेलं याहून मोठं काम झाकलं जातं.

फोंतेनचा जन्म १९३३ चा, मोरोक्कोतल्या मराकेशचा. वडील फ्रेंच, आई स्पॅनिश. कासाब्लांकाच्या मैदानांवर तयार झालेला हा पोरगा १९५३ मध्ये नीस क्लबात दाखल झाला. १९५६ मध्ये रँस क्लबनं आपला हुकमी खेळाडू रेमों कोपा रेआल माद्रिदला विकला आणि त्याच्या जागी फोंतेनला आणलं. १९५७-५८ च्या हंगामात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे काही काळ मैदानाबाहेर राहूनही त्यानं लीगमध्ये ३४ गोल केले. त्या वर्षी रँसनं लीग आणि फ्रेंच चषक दोन्ही जिंकले.

स्वीडनमध्ये सरावातच त्याचे बूट फाटले. कंपन्या खेळाडूंच्या दारात बुटांच्या पेट्या पाठवतात, तो जमाना अजून यायचा होता. राखीव खेळाडू स्तेफान ब्रुएच्या पायाचं माप जुळलं आणि त्याचे बूट घालून फोंतेन मैदानात उतरला. पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन. संघात परतलेला कोपा मागे येऊन चेंडू घ्यायचा, दोन बचावपटूंच्या मधून पुढे सोडायचा आणि फोंतेन नेमका तिथे पोचलेला असायचा. उपांत्य सामन्यात ब्राझीलला त्या स्पर्धेतला पहिला गोल खावा लागला, तोही फोंतेनचाच. पण कर्णधार रोबेर जोंके जायबंदी झाला. बदली खेळाडू उतरवण्याची मुभा तेव्हा नव्हती. लंगडणाऱ्या कर्णधारासह खेळणाऱ्या फ्रान्सचा पेलेच्या संघानं ५-२ असा पराभव केला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पश्चिम जर्मनीविरुद्ध फ्रान्सनं सहा गोल केले, त्यातले चार फोंतेनचे. मिळालेली पेनल्टीही त्यानं घेतली नाही, ती कोपानं मारली.

त्यानंतर दोन वर्षांत सारं पालटलं. मार्च १९६० मध्ये सोशोविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला. तो पुन्हा उभा राहिला, पण १ जानेवारी १९६१ रोजी तोच पाय पुन्हा मोडला. १९६२ मध्ये, एकोणतिसावं वर्ष पुरं होण्याआधी, त्याला बूट उतरवावे लागले. फ्रान्ससाठी २१ सामन्यांत ३० गोल, एवढ्यावर आंतरराष्ट्रीय हिशेब संपला.

याच पडत्या काळात, नोव्हेंबर १९६१ मध्ये, फ्रान्समधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली. कामेरूनहून आलेला, सेंत-एतियेनचा माजी आघाडीपटू आणि कायद्याचा अभ्यासक युजेन न्जो-लेआ हा तिच्या उभारणीमागचा मोठा हात, तर फोंतेन पहिला अध्यक्ष. तेव्हा फ्रान्समध्ये तरुण खेळाडूनं व्यावसायिक करारावर सही केली, की वयाच्या पस्तिशीपर्यंत तो त्या क्लबचा बांधील. विकायचं की ठेवायचं, हे क्लब ठरवणार. क्लबच्या मनात नसेल तर खेळाडूला वाट नाही. पस्तिशीनंतर कुणी आघाडीपटू विकत घेतो का? म्हणजे त्याची सगळी उमेद क्लबच्या तिजोरीत. अशा वेळी देशातल्या सर्वांत नावाजलेल्या गोलवीरानं संघटनेच्या अध्यक्षपदावर बसणं, याचं वजन काही वेगळंच होतं.

लढाई लांबली. १९६३ मध्ये कोपानं एका साप्ताहिकात खेळाडूंची स्थिती गुलामांसारखी असल्याचं सांगितलं, तर त्याच्यावरच शिक्षेचा बडगा उगारला गेला. अखेर १९६९ मध्ये ठरावीक मुदतीचा करार मान्य झाला. १९७२ मध्ये क्लबांनी तो मागे घ्यायचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी संप पुकारला. त्यातून १९७३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलची सनद आली.

फोंतेन तोवर प्रशिक्षक झाला होता. फ्रान्सच्या संघाची धुरा १९६७ मध्ये अवघे दोन सामने त्याच्याकडे राहिली. दोन्ही हरले. पण १९७४ मध्ये त्यानं पॅरिस सें-जर्मेंला पहिल्या श्रेणीत नेलं आणि १९८० मध्ये जन्मभूमी मोरोक्कोला आफ्रिकी चषकात तिसरं स्थान मिळवून दिलं.

त्याची संघटना आजही दर हंगामाअखेर लीगमधला सर्वोत्तम खेळाडू निवडते. मे २०२४ मध्ये तो मान किलियान एम्बापेला मिळाला. पुढच्याच महिन्यात पॅरिसशी असलेला करार संपताच तो स्वतःच्या मर्जीनं रेआल माद्रिदकडे गेला, क्लबला एक छदामही न मिळता. युरोपभर ही वाट युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानं मोकळी केली हे खरं. पण फ्रान्समध्ये त्याच्या सव्वीस वर्षं आधी खेळाडूंनी ती स्वतः संघटित होऊन काढली होती, आणि त्या संघटनेचा पहिला अध्यक्ष मोडक्या पायाचा फोंतेन होता. तेरा गोलांसोबत हेही त्याच्या नावावर मांडायला हवं.