आईचा गुडघा आणि चार बाटल्या

गेल्या हिवाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि कोलार रोडच्या आमच्या घरी टेबलावर चार बाटल्या जमल्या: डेटॉल, बीटाडीन, आंघोळीचं गुलाबी औषध आणि दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं गुळण्यांचं. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं डेटॉलवर निभावलं की!"

लेबलं वाचली तर शेवटच्या दोन्हींत औषध एकच, क्लोरहेक्झिडिन. आंघोळीचं ४ टक्के, गुळण्यांचं ०.२ टक्के. आई म्हणाली, "मग एकच बाटली पुरे ना?" नाही! आंघोळीच्या औषधात साबण असतो, ते तोंडात घालायचं नाही, डोळ्यांत-कानांतही जाऊ द्यायचं नाही.

मग मी शोधनिबंध उघडले. २०१० साली अमेरिकेत ८४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशनपूर्वी कातडीला क्लोरहेक्झिडिन लावलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना जखमेत संसर्ग झाला, बीटाडीनसारखं आयोडीन लावलेल्यांत १६.१ टक्क्यांना. मी घरात निकाल जाहीर करून टाकला. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा चूक कळली. पहिल्या औषधात अल्कोहोल होतं, दुसऱ्यात नव्हतं. म्हणजे जिंकलं कोण? २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात दोन्हींत अल्कोहोल होतं. तिथे बंद फ्रॅक्चरमध्ये उलट आयोडीन थोडं सरस ठरलं, उघड्या फ्रॅक्चरमध्ये फरक दिसला नाही. अल्कोहोल मात्र पूर्ण वाळू द्यावं लागतं, नाहीतर रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाने पेट घेऊ शकतं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईने औषधाने आंघोळ केली आणि थंडीने पाय फुटतात म्हणून वर छान खोबरेल चोळलं! पुन्हा आंघोळ. मी रेझरही आणून ठेवला होता. सिस्टर फोनवरच ओरडल्या, "उस्तरा बिलकुल नहीं!" रेझरने बारीक जखमा होतात, त्यांत जंतू वाढतात. गरज असेल तर केस तिथेच क्लिपरने कापतात.

गुळण्यांचंही तसंच. आई दात घासून लगेच गुळण्या करत होती. टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने क्लोरहेक्झिडिनचा जोर कमी होतो, मध्ये अर्धा तास तरी हवा. त्यात वर चहा, म्हणजे दातांवर तपकिरी डाग.

गुडघा आता ठीक आहे, जखम कोरडी भरली. डाग दातांच्या डॉक्टरांनी काढले. गुळण्या बंद झाल्या, चहा चालू आहे.