केळशीच्या किनाऱ्यावर अम्मी

आमचे डोळखांब डोंगराच्या कुशीतले. पाऊस आम्हाला भरपूर, समुद्र मात्र घरी येतो तो बाजारातल्या सुक्या बोंबलांबरोबर. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि केळवे, डहाणू, बोर्डीचे किनारेही तिकडे गेले.

अम्मीने समुद्र एकदाच पाहिला होता. तिचे अब्बा जहाजाने हजला निघाले तेव्हा, मुंबईच्या बंदरावर, गर्दीतून. १९९५ पासून हजची जहाजे बंद झाली. त्या पाण्याला हात लावायचा राहूनच गेला, असे ती कधीतरी म्हणायची.

मागच्या वर्षी अब्बूंचा इंतकाल झाला. अम्मीने चार महिने दहा दिवसांची इद्दत पूर्ण केली. मुदत संपली, तरी ती उंबऱ्याबाहेर पडेना. शेजारच्या निकाहालाही गेली नाही. "आता मला कुठं जायचंय," एवढेच म्हणे. खरे सांगायचे तर आम्हीही आग्रह केला नाही. लोक काय म्हणतील, ही भीती तिच्याइतकीच आमच्याही मनात होती.

शेवटी नातीने हट्ट धरला, "दादी आली तरच आम्ही जाणार." जानेवारीत एका पहाटे फजर पढून आम्ही निघालो. मुरबाड, कर्जत, खोपोली करत मुंबई-गोवा महामार्ग गाठला. पुढे लोणेऱ्याहून आंबेत लागले. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेले बॅ. अ. र. अंतुले यांचे हे गाव. मंडणगड मागे टाकून दापोली तालुक्यातल्या केळशीला पोहोचलो, तेव्हा दुपार कलली होती.

केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांना बाबांविषयी आदर होता, असे इथली परंपरा सांगते. तिथे फातिहा पढून किनाऱ्यावर उतरलो. लांबच लांब वाळू आणि माणूस असा नाहीच. ना घोडागाडी, ना भेळेच्या गाड्या, ना मोठ्याने वाजणारी गाणी. ओहोटी लागलेली. चिमुकल्या खेकड्यांनी ओल्या वाळूच्या गोळ्या करून नक्षी मांडलेली. मुले शिंपले वेचू लागली.

अम्मी बराच वेळ चपला हातात घेऊन उभी राहिली. मग आजूबाजूला पाहिले. बघणारे कोणी नव्हते. सलवार घोट्यापर्यंत उचलून ती पाण्यात गेली. पहिली लाट पायावरून गेली तशी दचकली आणि हसली. तिचे हसणे आम्ही कितीतरी महिन्यांनी ऐकले.

असरची वेळ झाली. "खाऱ्या पाण्यानं वजू चालतो का रे?" तिने विचारले. चालतो; समुद्राचे पाणी पाक असल्याचे पैगंबर (स.) यांनीच सांगितले आहे. आम्ही वाळूवर जानमाज अंथरल्या. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला समुद्राकडेच, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे झुकलेला. समोर भिंत नाही, नुसते पाणी. "माझे अब्बा इकडूनच गेले," सलाम फेरल्यावर अम्मी म्हणाली. अब्बूंसाठी तिने तिथेच बराच वेळ दुआ मागितली. मग घरून आणलेली तांदळाची भाकर आणि जवळ्याची चटणी सगळ्यांनी खाल्ली. सूर्य किब्ल्याच्या डावीकडे बुडाला. थंडीत तो तसाच मावळतो.

अशा निवांत किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून घ्यावी, खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नये आणि आपला कचरा आपण परत न्यावा.

परतताना गाडीत अम्मीनेच विचारले, "पुढच्या वेळी शेजारच्या खालालाही आणू या?" त्या खाला बेवा होऊन सहा वर्षे झाली आहेत.

इद्दतीला शरीयतने मुदत घातली आहे. आपल्या घरांतच ती संपत नाही. आपल्याही घरात अशी एखादी अम्मी, फुफी किंवा खाला असेल. तिला विचारून बघा. पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.