कपाशीच्या डोमकळीचे छायाचित्र : प्रकाश आणि स्पष्टता

यवतमाळ जिल्ह्यात जूनमध्ये पेरलेली कपाशी ऑगस्टच्या सुमारास फुलावर येते व गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्याचे काम तेव्हापासूनच सुरू होते. कळीत शिरलेली अळी पाकळ्या रेशमासारख्या धाग्यांनी गुंफते, त्यामुळे फूल नीट उमलत नाही. हीच डोमकळी होय. शंभर फुलांमागे दहा डोमकळ्या आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात.

हल्ली अशा फुलाचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन तज्ज्ञांकडे पाठविण्याचा प्रघात पडला आहे. परंतु चित्र सदोष असल्यास सल्लाही चुकतो. अमेरिकन कपाशीचे फूल उमलते तेव्हा फिकट पिवळे असते; दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होऊन मिटते व कोमेजते. हे निरोगी फूल धूसर चित्रात डोमकळीसारखेच दिसते. अशा चुकीपायी होणारी फवारणी केवळ खर्चाची बाब नाही. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

तेव्हा चित्रात दोन गोष्टी दिसल्याच पाहिजेत : पाकळ्यांचा खरा रंग आणि त्यांना बांधणारे धागे.

रंगासाठी प्रकाश मऊ हवा. भर दुपारच्या उन्हात फिकट पाकळी पांढरीफटक उमटते व तिच्यावरील बारकावे नाहीसे होतात. ढगाळ दिवस या कामास उत्तम. विदर्भात ऑगस्टमध्ये त्यांची वाण नसते. ऊन असल्यास फुलावर पांढरे पातळ फडके आडवे धरावे आणि सावलीच्या बाजूस कोरा कागद धरून प्रकाश परतवावा. रंगीत छत्रीखाली चित्र घेऊ नये, कारण तिची छटा पाकळीवर उतरते. सायंकाळच्या तांबूस उजेडात ताजे फूलही कालचे वाटते. मोबाईलच्या दिव्याचा समोरून पडणारा झोत दवबिंदूंवर चमकतो, म्हणून तो बंदच ठेवावा.

धाग्यांची गोष्ट निराळी आहे. समोरून आलेल्या उजेडात ते दिसत नाहीत. बाजूने तिरपा उजेड पडला व मागे काळोखी असली म्हणजे चकाकतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन एका बाजूस घ्यावे आणि फुलामागे काळी छत्री किंवा गडद कापड धरावे.

यापुढची अडचण स्पष्टतेची. भिंग वस्तूच्या जितके जवळ, तितका चित्रातील स्पष्ट भागाचा थर पातळ होतो. अगदी जवळून घेतलेल्या चित्रात पाकळीचे टोक रेखीव येते, पण देठाजवळचा भाग धुरकट होतो. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र लहान करून हा थर वाढविता येतो. मात्र प्रकाश कमी पडून चित्रास अधिक वेळ लागतो व वाऱ्याने हललेले फूल पुसट उमटते. बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र बदलण्याची सोय नसते. तेथे साधा उपाय म्हणजे वीतभर मागे सरकून चित्र घ्यावे व नंतर कडा कापाव्यात. फूल पडद्यावर तितकेच मोठे केले तरी स्पष्टतेचा लाभ बराचसा टिकतो.

कोनही महत्त्वाचा आहे. डोमकळी वरून न टिपता बाजूने टिपावी, म्हणजे टोकापासून देठापर्यंतचा भाग भिंगापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतो. जेथे पाकळ्या गुंफलेल्या आहेत तेथेच पडद्यावर बोट टेकवून फोकस साधावा. मागचा भाग कृत्रिमरीत्या धूसर करणारी ‘पोर्ट्रेट’ सोय टाळावी. ती बारीक धागेही पुसून टाकते. वारा असल्यास फांदी काडीला सैल बांधावी.

एकच चित्र पुरत नाही. पहिले संपूर्ण झाडाचे, दुसरे मिटलेल्या फुलाचे आणि तिसरे पाकळ्या हाताने सोडवून आतील अळीचे घ्यावे. शेजारी मिलिमीटरच्या खुणांची शाळकरी पट्टी ठेवावी. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग पुढे चढतो; म्हणून रंग दिसला नाही एवढ्यावरून तिला वेगळी समजू नये. व्हॉट्सॲपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास त्याचा तपशील घटत नाही.

चित्र घेऊन झाल्यावर ती डोमकळी शेतात टाकून देऊ नये. अळीसह नष्ट करावी.