राखणीला पिल्लू की मोठा कुत्रा?

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, रानडुकरे शेतात उतरू लागली, की घरोघरी कुत्र्याची आठवण होते. मग मुले कुठून तरी नुकते डोळे उघडलेले पिल्लू उचलून आणतात. पिल्लू गोजिरे खरे, पण राखणीच्या कामाला यायला त्याला वर्ष तरी लागते आणि तोवर ते जगेलच असे नाही.

आमच्या घरी एका पावसाळ्यात दोन पिल्ले लागोपाठ गेली. उलट्या, रक्ताची हगवण, तीन दिवसांत खेळ आटोपला. हा पार्व्हो रोग. त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. पहिले मेले त्याच अंगणात लगेच दुसरे आणले, ही चूक आमचीच.

त्यानंतर आम्ही वर्ष-दीड वर्षाची कुत्री आणली. शेत विकून शहरात गेलेल्या एका कुटुंबाची ती. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल हे सांगता येत नाही. मोठ्या जनावराचा समोर दिसतो. दोन-तीनदा जाऊन पाहावे. कोंबडी, करडू समोरून गेले तर ती काय करते? मुलांवर गुरगुरते का, हे मालकाला विचारावे. आपले मूल पुढे करून परीक्षा घेऊ नये. पुढचे दात पांढरे व टोके न झिजलेली असली तर वय साधारण एक-दोन वर्षे समजावे. भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली असते.

घरी आणण्याआधी गुरांच्या डॉक्टरांकडून पार्व्होची व रेबीजची लस टोचून घ्यावी. रेबीजची लस पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी, टोचावी लागते. लहान पिल्लाचा दात लागला तर काय होते, असे आपल्याकडे पुष्कळजण म्हणतात. पिल्लूही पिसाळलेले असू शकते! दात किंवा ओरखडा लागताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही भरू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

नवा कुत्रा पहिले पंधरा दिवस बांधूनच ठेवावा. एकाच माणसाने रोज ठरल्या वेळी भाकरी घालावी आणि संध्याकाळी दोरीला धरून बांधाबांधाने फिरवावे. आमची कुत्री पहिल्याच आठवड्यात दोनदा दोरी कुरतडून जुन्या घरी गेली. तिसऱ्या आठवड्यात सोडली, तेव्हा गोठ्याच्या दारातून हलली नाही.